लमाण, बुलढाणा जिल्ह्यातील
बैलांच्या पाठीवरून धान्य, मीठ व कापूस यांची ने-आण करणारी एके काळची भटकी व्यापारी जमात. बंजारा, लंबाडी व गोर ही तिची अन्य नावे. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला, असे सामान्यतः मानतात. मूळ भूमी म्हणून राजस्थानचे स्मरण जमातीत टिकून आहे व भाषेचा पुरावाही त्यास अनुकूल आहे. ग्रीअर्सनने भाषासर्वेक्षणात (१९०७) तिच्या बोलीचा संबंध राजस्थानी व गुजराती यांच्याशी जोडला. पूर्वेकडून आलेल्या मग्यार लोकांना नवव्या शतकाच्या अखेरीस डॅन्यूबच्या खोऱ्यात भूमी मिळाली आणि पुढे त्यांच्या भाषेभोवती हंगेरीचे राष्ट्र उभे राहिले. लमाणांच्या गोरबोलीला मात्र तांड्याबाहेर आश्रय नव्हता. तरीही ती टिकली, ही गोष्ट विशेष होय.

सतराव्या शतकात मोगल फौजांची रसद वाहत अनेक तांडे दक्षिणेत आले. उभय पक्षांना त्यांची गरज असल्याने युद्धकाळातही त्यांना बहुधा अभय मिळे. १८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेची भिस्त लमाणांच्या बैलांवरच होती. वऱ्हाडचा कापूसही बैलांवरून थेट मिर्झापूरपर्यंत जाई.

हा व्यवसाय लोहमार्गाने बुडविला. घाटाखालील मलकापूर, नांदुरा व शेगाव या गावांवरून जाणारा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. जलंब-खामगाव शाखेने १८७० मध्ये खामगावचा कापूसबाजारही त्यास जोडला. पाठोपाठ जंगलकायद्यांनी चराई आखडली आणि ज्यांच्यावाचून फौजा अडत, त्यांच्यापैकी अनेकांवर गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली (१८७१ व नंतरचे) पोलिसांची नजर बसली. हा कलंक कायद्याने पुसला गेला तो १९५२ मध्ये. दरम्यान तांडे घाटावरील मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या भागांत स्थिरावले व कोरडवाहू शेती आणि मजुरी करू लागले.

तांडा गावापासून अलग वसतो. नाईक हा त्याचा प्रमुख व कारभारी त्याचा साहाय्यक. राठोड, चव्हाण, पवार, आडे ही परिचित कुळे. आरसे व कवड्या जडविलेली कांचळी आणि फेटिया (घागरा) हा स्त्रियांचा पारंपरिक वेश आता मुख्यतः वृद्धांच्या अंगावर व सणासुदीला दिसतो. श्रावणातील तीज हा कुमारिकांचा सण. त्यात टोपल्यांतून गहू रुजवितात. होळीला लेंगी गीते गातात. संत सेवालाल यांच्यावर जमातीची श्रद्धा असून वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी हे तिचे मोठे तीर्थक्षेत्र होय.

प्रांतांच्या सीमांनी या एकाच जमातीची वेगवेगळी वर्गवारी केली. महाराष्ट्रात ती विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर तेलंगणात १९७६ च्या कायदादुरुस्तीमुळे अनुसूचित जमातींत मोडते. महाराष्ट्रातही तोच दर्जा मिळावा, ही मागणी जुनी आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. गळिताचा हंगाम लांबला, तर त्यांची होळी साखर कारखान्याच्या तळावरच होते.