काट्यांच्या भिंतीपलीकडे

मार्च १८९०. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं कोतोनू. अजून उजाडायचंय. फ्रेंचांनी ओंडके रोवून उभारलेल्या कुंपणाच्या आत तुम्ही जमिनीला पोट लावून पडला आहात. एकाएकी अंधारातून आरोळी उठते. दाहोमे राज्याचं सैन्य कुंपणावर तुटून पडतं, ओंडक्यांच्या फटींतून बंदुका आत खुपसून गोळ्या झाडतं. त्यात बायकाही आहेत, हे तुमच्या जरा उशिराच ध्यानात येतं.

उजाडल्यावर प्रेतांमधून चालताना एका पोरीपाशी थांबा. डाव्या मनगटाला दोरीने सुरा बांधलेला, उजव्या मुठीत बंदुकीची नळी अजून घट्ट. ही नानसिका. काही महिन्यांपूर्वीच फ्रेंच अधिकारी झां बायोलने तिला पाहिलं होतं. वय असेल सोळाच्या आसपास, आणि तोवर तिने कुणाचा जीव घेतला नव्हता. तिला एका बांधलेल्या कैद्यापुढे उभं केलं गेलं. तीन घावांत तिने त्याचं मुंडकं उडवलं.

२०२२ च्या ‘द वुमन किंग’ चित्रपटात व्हायोला डेव्हिसने साकारलेल्या सेनापतीचं नाव जवळजवळ हेच, नानिस्का. चित्रपटातली नानिस्का पोक्त आहे, शहाणी आहे. तुमच्या पायाशी पडलेल्या या पोरीला तेवढं आयुष्यच मिळालं नाही.

आता आणखी मागे चला. १८६१, दाहोमेची राजधानी आबोमे. सिंहासनावर राजा ग्लेले, पाहुण्यांत इटालियन पाद्री बोर्गेरो, आणि त्या गर्दीत तुम्ही. समोर सुमारे चारशे मीटर लांब काटेरी फांद्यांचा ढीग रचलाय. इशारा होतो आणि आगोजी, म्हणजे राजाच्या या स्त्री-सैनिक, अनवाणी त्यावर चढतात. काटे पायांत घुसताना तुम्हाला दिसतात, त्यांच्या तोंडून मात्र हूं की चूं नाही. एक जण उंचावरून खाली कोसळते, हात चोळत बसते. राजा तिच्यावर कडाडतो, तशी ती ताडकन उठून पुन्हा धावते. ज्यांनी सगळ्यांत जास्त शौर्य गाजवलं त्यांना बक्षीस काय, तर काट्यांचेच पट्टे. त्या ते अभिमानाने कमरेला आवळतात. तुमचा ऊर भरून येतो, आणि तो यायलाच हवा. त्या काळी बायकांची अशी कवायती फौज जगात दुसरीकडे शोधून सापडणं कठीण होतं.

पण कवायत संपेपर्यंत जागचे हलू नका. काट्यांच्या भिंतीपलीकडून त्या परत येतात तेव्हा त्यांच्या मागे दोरीने बांधलेले लोक असतात. लढाईची रंगीत तालीम इथे संपते, राजापुढे गुलाम हजर करून.

म्हणून एक वर्ष आणखी मागे. १८६०, पहाटेची वेळ, योरुबा मुलखातलं एक गाव. कोसोला नावाचा एकोणीसेक वर्षांचा तरुण वेशीकडे पळतोय, तुम्हीही त्याच्यामागे. बाहेर दाहोमेच्या बायका सुरे घेऊन उभ्या आहेत. तुमच्या डोळ्यांदेखत त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची मुंडकी उडवतात आणि धडधाकट पोरांना जेरबंद करतात. पुढे किनाऱ्यावरच्या विदाच्या कोठड्यांत अमेरिकन कप्तान विल्यम फॉस्टर एकेकाला पारखून घेतो. शंभराहून अधिक माणसं ‘क्लोटिल्डा’ जहाजावर चढवली जातात. अमेरिकेत गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी होती, तरीही.

चित्रपटाची कथा १८२३ सालची. त्यात नानिस्का राजा गेझोला विनवते, माणसं विकण्यापेक्षा पामतेल विकू. खरा गेझो गुलामांच्या व्यापारावर पाणी सोडायला तयार झाला तो १८५२ मध्ये, तेही इंग्रजांच्या आरमाराने किनारा कोंडल्यावर. तो शब्दही टिकला नाही. या बायका इतक्या शूर होत्या की त्यांना उजळ करून दाखवायची गरजच नव्हती, असं मला मनापासून वाटतं. त्यांचं शौर्य आणि त्यांच्या दोरीतली माणसं एकाच पडद्यावर दिसायला हवी होती. प्रेक्षकाला ते पेललं असतं.

त्यासाठी साधनं नव्हती असंही नाही. कोसोला अमेरिकेतल्या अलाबामात म्हातारा झाला. मायदेशी परतायची आस त्याला होती, पैसा कधी जमला नाही. सोबत्यांबरोबर त्याने तिथेच ‘आफ्रिकाटाउन’ वसवलं. १९२७ मध्ये लेखिका झोरा नील हर्स्टन त्याला भेटली, तेव्हा त्या पहाटेची हकिकत त्याने तिला सांगितली, सुरे घेतलेल्या बायकांसकट. तिच्या लेखनाला त्या काळी प्रकाशक मिळाला नाही. ते पुस्तकरूपात आलं २०१८ मध्ये, म्हणजे चित्रपट येण्याच्या चार वर्षं आधी.