हात सुटला तरी

कोकणात माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याला दोराचे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. बुंध्यावर पाडलेल्या खाचा, पायांत काथ्याचा फास आणि कमरेला खोवलेली कोयती एवढ्या सामग्रीवर तो पिढ्यान्‌पिढ्या झाडाच्या शेंड्याशी जाऊन माडी उतरवीत आला. मुंबई सरकारने १८७८ साली अबकारी कायदा केला, तेव्हा ताडमाड छेदण्यास परवाना लागू लागला आणि झाडांचा हिशेब दफ्तरात आला. चढणाऱ्याचा भार मात्र पूर्वीप्रमाणेच त्याच्या स्वतःच्या हातापायांवर राहिला. हात थकले, तर तो भार कोणी घ्यावयाचा? या प्रश्नाचे उत्तर झाडावर नव्हे, आल्प्स पर्वतात सापडले.

व्हिएन्नाचा गिर्यारोहक कार्ल प्रुसिक (१८९६–१९६१) याने १९३१ साली एक गाठ प्रसिद्ध केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तंतुवाद्यांच्या तुटलेल्या तारा सांधताना ती त्याच्या उपयोगी पडली होती, असे सांगतात. मुख्य दोरापेक्षा बारीक अशा दोरीचा बंद फेरा त्या दोराभोवती दोन-तीन वेळा गुंडाळून स्वतःच्याच पोटातून ओवून घेतला की ती सिद्ध होते. भार नसताना ती बोटांनी सहज वर सरकते आणि भार पडताच घर्षणाने आवळून जागच्या जागी थांबते; म्हणून एक गाठ कमरेशी व एक पायाशी जोडून, आळीपाळीने एकीवर भार टाकीत व दुसरीला वर सारीत, मनुष्य अळीच्या गतीने पण निर्धास्तपणे दोर चढू शकतो. परंतु तिच्या उपकाराला अटी आहेत. दोरी मुख्य दोराइतकीच जाड असली तर गाठ धरीत नाही, दोर ओला किंवा हिमाच्छादित असला तर ती घसरते, भाराखाली वेगाने घसरलेली नायलॉनची दोरी घर्षणाच्या उष्णतेने वितळू लागते. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही, की पडता मनुष्य घाबरून गाठीलाच मुठीत धरतो, तेव्हा ती आवळण्याऐवजी त्याच्याबरोबर खाली सरकत जाते.

गाठीचे काम धातूकडून करवून घेण्याची निकड पुढे एका पक्ष्यामुळे अधिक भासली. स्वित्झर्लंडमध्ये सरकारसाठी गरुडांचा अभ्यास करणाऱ्या अॅडॉल्फ युझी याला वारंवार दोर चढावे लागत. त्याच्यासाठी वॉल्टर मार्टी याने १९५८ साली हातात धरावयाचे एक यंत्र घडविले, आणि दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून त्याला ‘जुमार’ हे नाव मिळाले. यंत्र दोरावरून वर सरकविताना आतील दातेरी खटका मोकळा राहतो व ते खाली येऊ लागताच दोरात रुततो. तत्त्व गाठीचेच, देह तेवढा धातूचा. सह्याद्रीतील आमच्या गिर्यारोहकांनी तर यंत्राच्या नावावरून क्रियेला पडलेला ‘जुमारिंग’ हा इंग्रजी शब्दच मराठीत रुळविला.

गेल्या शतकाच्या आठव्या दशकात डोनाल्ड पेरी या जीवशास्त्रज्ञाने कोस्टा रिकाच्या अरण्यात आडव्या धनुष्याने (क्रॉसबो) दोरी फांद्यांपार पाठवून वृक्षांच्या छत्राचा अभ्यास आरंभिला, तेव्हा गरुडासाठी जन्मलेली विद्या अरण्यात येऊन पोहोचली. तरीही यंत्राने गाठीला पदच्युत केले नाही. ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्काने १९८१ साली वर्णिलेली एक घर्षणगाठ जेसन ब्लेकने स्वतंत्रपणे शोधून १९९४ साली वृक्षसंगोपकांपुढे मांडली, आणि त्याच्याच नावाने ती आजही झाडांवर वापरली जाते.

या इतिहासाचा निष्कर्ष साधा आहे. जुमार हे चढण्याचे साधन आहे, पडणाऱ्याला झेलण्याचे नव्हे. ढिलाई राहून अकस्मात झटका बसल्यास त्याचे दाते दोराचे आवरण फाडतात. म्हणून जाणता आरोही एकाच आधारावर जीव ठेवीत नाही. जुमारच्या जोडीला दुसरा स्वतंत्र आधार बांधतो, दोर सदैव ताणलेला ठेवतो, आणि ज्या फांदीवर दोर टाकला तिच्यावर जमिनीवरूनच प्रथम दोन माणसांचा भार देऊन पाहतो. तेवढी परीक्षा झाल्याशिवाय त्याचे पाय भुई सोडीत नाहीत.