बडबडगीत आणि अक्षरओळख : मालगुंडच्या एका शब्दावरून

गणपतीपुळ्यास दर्शनाला येणारा प्रवासी पुष्कळदा लगतच्या मालगुंड गावीही जातो. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांचा जन्म १८६६ साली तेथे झाला. त्यांचे जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक म्हणून जतन केले आहे. वडील मराठी शाळेत शिक्षक होते. पुढे केशवसुतांचाही चरितार्थ शिक्षकाच्या पेशावरच चालला. या शिक्षककवीच्या १८९३ सालच्या ‘झपूर्झा’ या कवितेकडे समीक्षकांनी गूढानुभव आणि प्रतिभेचे स्वरूप या अंगांनी पाहिले आहे. प्रस्तुत टिपणात केवळ तिच्या शीर्षकाचा, आणि तोही एका निराळ्या प्रश्नासाठी, विचार करावयाचा आहे. मूल अक्षरे ओळखू लागण्यापूर्वी ती ऐकावयास कोठे शिकते, हा तो प्रश्न होय.

‘झपूर्झा’ हा शब्द कवीने कोशातून घेतलेला नाही. झिम्म्यासारख्या खेळात मुली ‘पोरी’ला दोन वेळा ‘जा’ म्हणणारा एक तीन शब्दांचा घोष करीत; वेग वाढला की शब्दांच्या मधल्या सीमा पुसट होऊन त्याचा ‘झपूर्झा’ होई, अशी त्याची उपपत्ती सांगण्यात येते. वाचावयास शिकणाऱ्या मुलाला नेमके याच्या उलट करावे लागते. आपले बोलणे हा अखंड प्रवाह असतो. त्यात शब्द कोठे संपला आणि अक्षर कोठे सुरू झाले याच्या खुणा नसतात. त्या मुलाच्या कानाला प्रथम सापडाव्या लागतात. खेळाच्या संथ लयीत शब्द सुटे ऐकू येतात, द्रुत लयीत ते जुळतात. हे तोडणे-जोडणे मुली हसतखेळत करीत होत्या, आणि कोणी त्यास शिक्षण म्हटले नाही.

शाळेला ताल वर्ज्य होता असे नव्हे. गावठी शाळेतला पंतोजी धूळपाटीवर ओनामा गिरवून घेई आणि पावकी-निमकी, परवचा सुरात म्हणवून घेई. १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाल्यावर मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके सिद्ध झाली. त्यांतही पद्य आले, परंतु ते मुख्यतः नीतिबोधासाठी. पावसाला पैशाचे आमिष दाखविणारे, चांदोबाची विचारपूस करणारे किंवा तान्ह्याच्या तळहातावर मोर बसविणारे गाणे मात्र माजघरातच राहिले. ते सांभाळणाऱ्या आई, आजी, आत्या यांच्यापैकी फारच थोड्यांच्या हाती पाटी आली होती. १९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. साक्षरतेची पहिली पायरी निरक्षर स्त्रियांनी रचली, हे विधान विरोधाभासासारखे वाटेल. तरी ते खरे मानावयास आता आधार आहे.

ऑक्सफर्ड येथील लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांची चाचणी घेतली होती. काही शब्दांपैकी ध्वनीने न जुळणारा शब्द ओळखणे, एवढेच त्यांना करावयाचे होते. ज्यांना ते चांगले जमले ती मुले पुढे वाचनातही सरस ठरली. त्याच अभ्यासात काही मुलांना ध्वनिवर्गीकरणाचे शिक्षण देण्यात आले. आणि ज्यांना त्याबरोबरच सुटी अक्षरे हाताळावयास दिली, त्यांची प्रगती सर्वांत अधिक झाली. १९८७ साली याच संशोधकांनी मोरॅग मॅक्लीन यांच्यासह असेही दाखविले की, तिसऱ्या वर्षी मुलाला बालगीते किती येतात याचा पुढील ध्वनिजाणिवेशी संबंध असतो. बुद्धिमापन व घरची स्थिती हिशेबात घेऊनही तो उरतो.

हे निष्कर्ष इंग्रजीचे आहेत. ते मराठीस जसेच्या तसे लावणे उतावीळपणाचे होईल. रोमन लिपी सुटे वर्ण मांडते. देवनागरीचा घटक अक्षर, म्हणजे व्यंजन व स्वर यांचा जोड. ‘घर’ हा शब्द आपण बोलतो एका अवयवात, कारण अन्त्य ‘अ’ उच्चारात लोपतो. लिहितो मात्र दोन अक्षरांत. अंगाईच्या किंवा ओवीच्या विलंबित चालीत तो लोपलेला ‘अ’ पुष्कळदा परत येतो, ‘र’वर सूर रेंगाळतो, आणि लिहिलेली दोन अक्षरे कानालाही दोन लागतात. बोलण्यापेक्षा गाणे लिपीच्या अधिक जवळ जाते ते येथे. जोडाक्षरांच्या बाबतीत मात्र त्याची मदत संपते. ‘पत्ता’ हा शब्द टाळीवर ‘पत्-ता’ असा फुटतो, तर लेखनात ‘प-त्ता’ असा. तेथे गाणे मुलाला चुकीच्या ठिकाणीच तोडावयास लावते, आणि पाटीपेन्सिलीवाचून गत्यंतर नाही. बडबडगीतांच्या पुरस्कर्त्यांनी ही मर्यादा क्वचितच ध्यानात घेतली आहे.

माजघरातील हे गाणे शिक्षणाच्या अंगणात आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी ताराबाई मोडक यांच्याकडे जाते. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले, आणि १९५७ साली अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले. पुढे १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्या निघाल्या. गाणे आता सर्वत्र म्हटले जाते. पण बहुधा गाण्याचा तास निराळा आणि अक्षरांचा तक्ता निराळा. १९८३ च्या प्रयोगातील लाभ तर या दोहोंच्या सांगडीत होता.

इतिहासाच्या अभ्यासकापुढची अडचण साधनांची आहे. याच जिल्ह्यातील पालगडचे साने गुरुजी यांनी ‘स्त्री जीवन’मध्ये बायकांच्या ओव्या एकत्र केल्या, नंतरही लोकगीतांचे संग्रह निघाले. त्यांत शब्द आहेत. टाळी कोणत्या अक्षरावर पडते, सूर कोठे लांबतो, शब्द कोठे एकमेकांत मिसळतात, हे छापील पानावर सहसा आढळत नाही. ते मालगुंड-पुळ्याच्या वृद्ध स्त्रियांना विचारूनच, आणि ध्वनिमुद्रण करूनच, टिपून घ्यावे लागेल.