तळटीप ७ : ‘मेमरी मिळाली नाही तर’

लेखकाने इथे ‘केमॅलॉक’ला मेमरी न मिळाल्यास नल पॉइंटर परत येतो, एवढेच सांगितले आहे. करार तसाच आहे. लिनक्स कर्नलचे वागणे मात्र निराळे. ‘जीएफपी कर्नल’ फ्लॅग लावलेली आठ पेजेसपर्यंतची मागणी (४ केबीच्या पेजने ३२ केबी) अ‍ॅलोकेटर सहसा नाकारतच नाही. तो जुनी पेजेस मोकळी करतो, तेवढ्याने न भागल्यास ओओएम किलर या, मेमरी संपल्यावर प्रोसेस बंद पाडणाऱ्या यंत्रणेकडून एखाद्या प्रोसेसचा बळी घेतो आणि पुन्हा प्रयत्नाला लागतो. मागणाऱ्याच्या हाती एखादे लॉक असले आणि बळी ठरलेली प्रोसेस त्याच लॉकसाठी खोळंबली असली, की दोघेही कायमचे अडकू शकतात. २०१४च्या अखेरीस या वागण्यावर जाहीर वाद झाला, तेव्हा फाइल सिस्टिम लिहिणाऱ्या मुरलेल्या मंडळींनाही ते नवे होते. इतका महत्त्वाचा नियम कुठे लिहून ठेवलेला नसावा, हे नवलच! तो बदलणेही सोपे नव्हते: अपयश हाताळणारा कोड क्वचितच चालत असल्याने त्यात किती चुका दडल्या आहेत, कोण सांगणार?

पुढे २०१७मध्ये ४.१३ आवृत्तीत ‘रिट्राय मेफेल’ हा फ्लॅग आला: भरपूर प्रयत्न कर, पण शेवटी हार मान. आज कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजात लहान मागण्या जवळजवळ कधीच फसत नाहीत हे नोंदलेले आहे. लगेच, याची हमी नाही, असेही बजावलेले आहे. ओओएम किलरने निवडलेल्या प्रोसेसची मागणी फसू शकते. तेव्हा वरच्या उदाहरणातली नलची तपासणी वाचकांनी गाळू नये.

— संपा.