ई-२ व्हिसा (दक्षिण कोरिया)

ई-२ व्हिसा हा दक्षिण कोरियात परकीय भाषा शिकवण्यासाठी येणाऱ्या परदेशी नागरिकांना दिला जाणारा कामाचा व्हिसा आहे. तो देशाच्या न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. कोणतीही परकीय भाषा शिकवण्यासाठी हा व्हिसा मिळू शकत असला, तरी ई-२ धारकांमध्ये इंग्रजीच्या शिक्षकांची संख्या सर्वाधिक असते. पात्रतेच्या अटी, कागदपत्रांची पडताळणी आणि व्हिसाचे एकाच मालकाशी असलेले बंधन यांमुळे हा व्हिसा अनेकदा वादाचा विषय ठरला आहे.

== पार्श्वभूमी ==

कोरियातील विद्यापीठ प्रवेश आणि नोकरभरती यांत इंग्रजीला मोठे महत्त्व आहे. त्यामुळे तेथे हाग्वोन म्हणजे खासगी शिकवणी वर्गांचा व्यवसाय विस्तारला. सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेमण्यासाठी १९९५ मध्ये एपिक हा शासकीय कार्यक्रम सुरू झाला. हाग्वोन आणि एपिक या दोन्ही ठिकाणी काम करणारे बहुसंख्य परदेशी शिक्षक ई-२ व्हिसावर असतात.

== पात्रता ==

इंग्रजी शिकवण्यासाठी उमेदवार सामान्यतः पुढील सात देशांपैकी एका देशाचा नागरिक असावा लागतो: अमेरिका, युनायटेड किंग्डम, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यू झीलंड आणि दक्षिण आफ्रिका. त्याच्याकडे किमान पदवी असणे आवश्यक असते. मात्र ती कोणत्याही विषयातील चालते. अध्यापनाचे प्रशिक्षण ही सर्वसाधारण कायदेशीर अट नाही. एपिकसारखे कार्यक्रम मात्र शिक्षणशास्त्र वा इंग्रजीची पदवी नसलेल्या उमेदवाराकडून अध्यापनाचे प्रमाणपत्र मागतात.

या रचनेमुळे एक विसंगती निर्माण होते. वरील सात देशांतील, अध्यापनाचा कोणताही अनुभव नसलेला पदवीधर पात्र ठरतो. परंतु इतर देशांतील अनुभवी इंग्रजी शिक्षक केवळ नागरिकत्वामुळे अपात्र ठरतो. येथे भाषेवरील प्रभुत्व थेट तपासले जात नाही, ते पारपत्रावरून गृहीत धरले जाते, अशी टीका यावर केली जाते.

== भारतीय नागरिकांसाठी तरतूद ==

भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात ७ ऑगस्ट २००९ रोजी सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी करार झाला व तो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. या करारानुसार भारतीय नागरिकांना कोरियातील प्राथमिक व माध्यमिक शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करण्याची मुभा मिळाली. त्यासाठी पदवीबरोबरच इंग्रजी अध्यापनाची शिक्षकी पात्रता सिद्ध करावी लागते. म्हणजेच सात देशांच्या नागरिकांना सर्वसाधारणपणे न लावली जाणारी अट येथे बंधनकारक आहे. ही सवलत शाळांपुरती असून हाग्वोनमधील नोकरीला ती लागू होत नाही.

== कागदपत्रे ==

पदवी प्रमाणपत्र आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी नसल्याचा राष्ट्रीय पातळीवरील दाखला ही मुख्य कागदपत्रे होत. दोन्हींवर अपोस्टिल म्हणजे हेग करारानुसार दिले जाणारे प्रमाणीकरण लागते. भारतात शैक्षणिक कागदपत्रांचे आधी राज्य पातळीवर प्रमाणीकरण करून नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल घ्यावे लागते. दाखल्याची मुदत संपणे किंवा मूळ प्रतीऐवजी साधी छायाप्रत जोडणे यांसारख्या चुकांमुळे अर्ज रखडतात. कोरियात पोहोचल्यावर ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करणे बंधनकारक आहे.

== एचआयव्ही चाचणीचा वाद ==

कोरियात पूर्वी शिकवलेल्या एका कॅनेडियन शिक्षकाला बाल लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली ऑक्टोबर २००७ मध्ये थायलंडमध्ये अटक झाली. त्यानंतर डिसेंबर २००७ पासून ई-२ धारकांसाठी गुन्हेगारी दाखला, अमली पदार्थांची चाचणी आणि एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्यात आली. हेच काम करणारे कोरियन शिक्षक आणि कोरियन वंशाचे परदेशी शिक्षक यांना एचआयव्ही चाचणीची सक्ती नव्हती.

न्यू झीलंडच्या एका शिक्षिकेने २००९ मध्ये पुन्हा चाचणी देण्यास नकार दिला व तिच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. तिच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीने मे २०१५ मध्ये निर्णय दिला. या सक्तीला सार्वजनिक आरोग्याच्या कारणाने समर्थन मिळत नसून ती भेदभाव करणारी आहे, असे समितीने ठरवले. २०१७ मध्ये ही सक्ती रद्द झाली. २०१९ मध्ये सोलच्या न्यायालयाने शासनाला तिला नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला.

== नोकरीतील अडचणी ==

ई-२ व्हिसा विशिष्ट मालकाशी जोडलेला असतो. कराराची मुदत संपण्यापूर्वी दुसरीकडे नोकरी धरायची असल्यास साधारणतः आधीच्या मालकाचे संमतिपत्र लागते. ते न मिळाल्यास शिक्षकाला बहुधा देश सोडून नव्याने अर्ज करावा लागतो. त्यामुळे पगार थकला तरी तक्रार करण्यास अनेक जण कचरतात. परवानगीशिवाय दुसऱ्या ठिकाणी शिकवणे किंवा घरी खासगी शिकवणी घेणे हे नियमभंग मानले जाते. त्यासाठी दंड व हद्दपारी होऊ शकते.

श्रमविषयक कायदे परदेशी कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. एक वर्ष सेवा पूर्ण केल्यावर दर वर्षामागे किमान ३० दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी सेवासमाप्तीची रक्कम देय असते. ती टाळण्यासाठी वर्ष पूर्ण होण्याच्या तोंडावर कामावरून कमी केल्याच्या, तसेच शिक्षकाला कर्मचारी न दाखवता स्वतंत्र कंत्राटदार दाखवल्याच्या तक्रारी आढळतात. कंत्राटदार दाखवल्यास मालकाचा निवृत्तिवेतन व आरोग्य विम्यातील वाटा वाचतो. अशा तक्रारी स्थानिक श्रम कार्यालयात करता येतात. तेथे करारातील नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप, म्हणजे ठरलेले तास, ठरलेली जागा आणि मालकाचे नियंत्रण, विचारात घेतले जाते.

== हेसुद्धा पाहा ==

* अपोस्टिल
* दक्षिण कोरियातील शिक्षण
* भारत–दक्षिण कोरिया संबंध