लाइनीचं मूळ जवसात

पुण्यात लाइट जातात, नागपुरात लाइन जाते. "तुमच्याकडे लाइन आहे का वो काकू?" असं शेजारची पोरगी गच्चीवरून विचारते आणि तासाभरानं अख्खी गल्ली ओरडते, "आली, लाइन आली!" पुण्याहून आलेली माझी मामेबहीण हे पहिल्यांदा ऐकून दारात धावली होती. तिला वाटलं, वरात आली.

एवढ्यावर भागत नाही. खांबावर चढतो तो लाइनमन. रुळांपलीकडे राहणारा 'लाइनच्या तिकडे' राहतो. रेशनच्या दुकानात लाइन लागते, कॉलेजच्या कट्ट्यावर लाइन मारतात आणि सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न येतो, "पोरगा कोणत्या लाइनमध्ये आहे?" गवंडी तर भिंत सरळ यावी म्हणून लाइनदोरी बांधतो. हा शब्द म्हणजे दोरीचीच दोरी आहे, हे त्याला ठाऊक नसतं. आपल्यालाही नसतं, पण ते पुढे येईलच.

हे सगळं फ्रेंच माणसाला सांगायचं झालं तर त्याची पंचाईत होईल. त्याच्याकडे 'लीन्य' आहे, इंग्रजी लाइनची सख्खी नातलग. पण ती कागदावरची ओळ, टेलिफोनची तार, गळाची दोरी आणि रेल्वेचा मार्ग एवढंच सांभाळते. प्रत्यक्ष रूळ दिसले की तो 'व्हुआ' म्हणतो, म्हणजे वाट. माणसांच्या रांगेला त्याच्याकडे 'क्यू' आहे आणि क्यू म्हणजे शेपूट. रांगेत उभं राहणं म्हणजे फ्रेंचात शेपूट करणं. इंग्रजांनी हे शेपूट जसंच्या तसं उचललं आणि आपल्या बसथांब्यांपर्यंत आणून सोडलं. नाटकातली लाइन 'रेप्लीक', म्हणजे प्रत्युत्तर. कवितेची ओळ 'व्हेर'. हिचं मूळ लॅटिनमध्ये शेताच्या टोकाला नांगर वळवण्यात आहे, म्हणजे एकेक ओळ हे नांगराचं एकेक तास. कपाळावरची लाइन 'रीद', धंद्याची लाइन 'ब्रांश' म्हणजे फांदी. आणि लाइन मारणं? त्याला फ्रेंच क्रियापद आहे 'द्रागे', मूळ अर्थ नदीतला गाळ उपसणे. यापेक्षा नेमका शब्द मला कोणत्याही भाषेत भेटलेला नाही. वीज गेली की फ्रेंच माणूस 'कुरां' गेला म्हणतो. कुरां म्हणजे धावणारा, वाहणारा. तोच इंग्रजीच्या हातून 'करंट' होऊन आपल्याला लागतो.

नागपूरला फ्रेंच माणूस नवा नाही, बरं का. सदरमधलं सेंट फ्रान्सिस डी सेल्स चर्च आणि 1870 मध्ये निघालेली त्याच नावाची शाळा ही आल्प्सच्या पायथ्याच्या आनसी गावच्या फ्रेंचभाषक पाद्र्यांची पुण्याई. त्यांचा संघ 1838 मध्ये स्थापन झाला, तेव्हा ते गाव फ्रान्समध्ये नव्हतंच. 1860 मध्ये सरहद्दीची लाइन सरकली आणि ते फ्रान्समध्ये गेलं. ज्या संताचं नाव शाळेला आहे, तो 1923 पासून पत्रकारांचा अधिकृत पाठीराखा मानला जातो, म्हणजे डेडलाइनवाल्यांचा. डेडलाइन हा शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या तुरुंगातून आला. ती रेघ ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. संपादक त्या मानाने सौम्य.

खरं तर मराठीची रीत फ्रेंचसारखीच होती, दर कामाला वेगळा शब्द. पाटीवर रेघ, भूमितीत रेषा, वहीत ओळ, देवळाबाहेर रांग, जेवणाला पंगत, कपाळाला सुरकुती. ओळ ही संस्कृत 'आवली'ची लेक, म्हणून दिवाळी म्हणजे दिव्यांची ओळ. मग या भरल्या घरात लाइन शिरली कशी?

छावणीतून शिरली. भोसले आणि इंग्रज यांच्यातली सीताबर्डीची लढाई 1817 ची, इंग्रजांची कामठीची छावणी 1821 ची. पलटणींचे तंबू आणि बराकी ओळीनं उभ्या राहत, त्यांना लाइन्स म्हणत. शिपायांच्या लाइन्सपासून वेगळी अशी मुलकी साहेबांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आज ओळ अशी दिसते ती जुन्या झाडांचीच, बंगले आपापल्या आवारात अंग चोरून बसलेले. पोलीस लाइन टाकळीत मात्र शब्दाचा मूळ अर्थ अजून शाबूत आहे. 1867 मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली आणि लाइन म्हणजे रूळ झाले. विजेच्या तारा आल्या, त्यांनाही तेच नाव मिळालं. इथे मी नागपूरकरांच्या बाजूचा आहे. पुणेकराचे 'लाइट' जातात, पण पंख्याचं आणि मोटारपंपाचं काय? जाते ती तारेतली गोष्ट, म्हणजे लाइनच. इतर ठिकाणी या शब्दानं रांग आणि ओळ यांची जागा बळकावली याचं मला वाईट वाटतं, खांबावर मात्र त्याला माझा पूर्ण परवाना आहे.

आता ती दोरी. लॅटिनमध्ये 'लिनुम' नावाचं एक रोप आहे. त्याच्या खोडाच्या वाखापासून वळलेली दोरी ती 'लिनेआ'. ती ताणून धरली की सरळ रेघ मिळते, म्हणून रेघेचंही नाव लिनेआच पडलं. आपल्याकडे सूत्र म्हणजे धागा आणि सूत्र म्हणजे नियमही, आणि दोरी धरून लाकूड आखणारा सूत्रधार तो सुतार, तसंच हे. लिनेआची फ्रान्सात लीन्य झाली, इंग्लंडात लाइन. त्याच रोपाच्या कापडाचं लिनन झालं, त्याच्याच नात्यानं कोटाचं अस्तर लायनिंग झालं, फ्रेंच 'लँज' म्हणजे घरातले कपडे झाले आणि त्यातून लाँजरी. त्याच्या बियांच्या तेलापासून फरशीवर अंथरायचं लिनोलियम 1860 च्या दशकात इंग्लंडात निघालं.

हे लिनुम म्हणजे जवस. पश्चिम महाराष्ट्रात जिला अळशी म्हणतात, संस्कृतात अतसी, ती. विदर्भात जवसाची चटणी नाही असं घर विरळा, आणि जुन्या खेड्यांत भाजीला फोडणी जवसाच्या तेलाचीच होती. रूळ पडले तसं मध्य प्रांतातलं जवस पोत्यांनी मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला जाऊ लागलं, रंग-वार्निशासाठी. म्हणजे लाइनीवरून लाइनीचं बीच निघून गेलं. दोरी मात्र आपण वळली नाही. आपल्याकडचं जवस ठेंगणं आणि फांदेदार, बियांसाठी पेरलेलं. वाखाचं जवस युरोपातलं, उंच, एकखोडी. 1906 पासून नागपुरात असलेल्या कृषी महाविद्यालयात जवसाचं संशोधन चालतं. तिथल्या वाणांच्या नावात 'एनएल' ही अक्षरं असतात, त्यातला 'एल' इंग्रजी 'लिनसीड'चा.

पुढच्या वेळी लाइन गेली की अंधारात हे आठवून पाहा. आणि जवसाचं शेत पाहायचं असेल तर पौषात, सकाळी लवकर जा. निळं फूल उन्हाबरोबर उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गाळून मोकळं होतं.