कलिंगापासून दूर कोरलेला पश्चात्ताप

दुसऱ्याचे मोठे नुकसान करून बसलेला मनुष्य धर्मगुरूकडे येतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा दोहोंपैकी एक विचार पक्का झालेला असतो. एक विचार असा की, कर्माचे फळ भोगल्यावाचून सुटका नाही, म्हणून आता करण्यासारखे काही उरले नाही. दुसरा असा की, देवापाशी पाप कबूल केले, देवाने क्षमा केली, म्हणून आता करण्यासारखे काही उरले नाही. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन थांबतात, आणि ज्याचे नुकसान झाले तो मनुष्य दोन्ही वाटांवर कोठेच भेटत नाही. आपल्या देशाच्या इतिहासात या प्रश्नावर प्रकाश टाकणारे एक प्राचीन उदाहरण आहे. ते सम्राट अशोकाचे होय.

अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या आठव्या वर्षानंतर, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे 261 मध्ये, कलिंग देश जिंकला. त्या युद्धाची हकिकत कोणा शत्रूने लिहून ठेवलेली नाही. ती खुद्द विजेत्यानेच आपल्या तेराव्या शिलालेखात नोंदविली आहे. दीड लक्ष माणसे कैद करून नेण्यात आली, एक लक्ष रणांगणावर मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट माणसे इतर कारणांनी मेली, असे हा राजा स्वतःच सांगतो. आपल्यास झालेल्या दुःखासाठी तो ‘अनुशोचन’ हा शब्द वापरतो.

या लेखात पुष्कळ काही मोलाचे आहे. पहिली गोष्ट अशी की, राजा दोष दुसऱ्यावर ढकलीत नाही. दुसरी, तो केवळ मृतांची मोजदाद करून थांबत नाही. जे स्वतः वाचले पण ज्यांचे मित्र, सोबती व नातलग संकटात सापडले, त्यांचे दुःख हाही आघातच होय, हे त्याने ओळखले आहे. तिसरी, जेवढी माणसे त्या वेळी मेली वा कैद झाली, त्यांच्या शतांश अथवा सहस्रांश माणसांवर आज तशी वेळ आली तरी आपल्यास ते असह्य वाटेल, असे तो म्हणतो. आपल्या पुत्रपौत्रांनी नव्या दिग्विजयाची इच्छा धरू नये, असेही तो बजावतो. जगाच्या इतिहासात विजयी राजाने स्वतःच्या विजयाविषयी असा खेद दगडावर कोरल्याची उदाहरणे फार विरळा.

परंतु हा लेख कोठे कोरला, हेही पाहिले पाहिजे. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी तो आहे, डेहराडूनजवळ कालसी येथे आहे, आंध्रात एर्रागुडी येथे आहे, आता पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी व मानसेरा येथे आहे. कंदाहार येथे सापडलेल्या ग्रीक लेखातही कलिंगाच्या युद्धाचा हा भाग आलेला आहे. प्रत्यक्ष कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशात, धौली व जौगढ या दोन ठिकाणी अशोकाची लेखमाला आहे. तेथे पहिल्यापासून दहाव्यापर्यंतचे लेख आहेत आणि चौदावाही आहे. अकरावा, बारावा व तेरावा मात्र नाहीत. ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्या भूमीवर राजाच्या पश्चात्तापाचा एक शब्दही कोरलेला नाही. यवन राजांच्या सीमेपर्यंत जे सांगितले, ते कलिंगाच्या शेतकऱ्याला सांगितले गेले नाही.

राजाने याचे कारण कोठे दिलेले नाही. जिंकलेल्या प्रजेला तिच्या जखमेची आठवण देणे राज्याच्या दृष्टीने धोक्याचे वाटले असावे, असा तर्क इतिहासकार करतात, आणि तो पटण्याजोगा आहे. मात्र त्या रिकाम्या जागी राजाने दुसरे दोन लेख मुद्दाम कलिंगासाठी घातले. तोसली व समापा येथील अधिकाऱ्यांना उद्देशून ते आहेत. सर्व माणसे आपली मुले आहेत, असे राजा त्यांत म्हणतो. कोणालाही विनाकारण बंदिवास वा छळ होऊ नये. मत्सर, क्रोध, निष्ठुरता, उतावळेपणा, आळस यांपासून न्याय देणाऱ्याने दूर राहावे. तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख वाचून दाखवावा, ऐकावयास एकच मनुष्य असला तरी वाचावा, अशी त्याची आज्ञा आहे. देखरेखीसाठी दर पाच वर्षांनी अधिकारी फिरतीवर पाठविण्याची व्यवस्था त्याने केली, आणि उज्जयिनीच्या राजपुत्रानेही तीन वर्षांहून अधिक काळ जाऊ न देता तसेच अधिकारी धाडावेत, असे लिहिले.

तेव्हा अशोकाने कलिंगासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने चांगला कारभार देऊ केला. पण झालेला अपराध त्या लोकांसमोर उच्चारला नाही. कैद करून नेलेली दीड लक्ष माणसे परत धाडल्याचा उल्लेख त्याच्या लेखांत कोठेही नाही, आणि जिंकलेला देशही त्याने सोडला नाही. शिवाय त्याच तेराव्या लेखात, अरण्यात राहणाऱ्या लोकांना तो सांगतो की, आपल्यास पश्चात्ताप झाला असला तरी दंड करण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे. पश्चात्ताप खरा होता; परंतु ज्यांना तो सर्वांत आधी ऐकावयास मिळावयाचा, त्यांच्यापाशी तो पोहोचला नाही.

कर्माच्या विचाराकडे आपण कित्येकदा तुच्छतेने पाहतो. ते योग्य नव्हे. केलेली कृती हवेत विरून जात नाही, ती कोणाच्या तरी आयुष्यात उरते, ही त्यातील जाणीव खरी आहे. बौद्ध परंपरेत अंगुलिमालाची कथा आहे. अनेकांचे प्राण घेणारा तो दरोडेखोर पुढे भिक्षू होऊन अर्हत्पदाला पोहोचला. तरीही भिक्षेला गेला असता लोकांचे दगड त्याच्या डोक्यावर पडतच राहिले. अशोकाच्या लेखांतही ऋणाची भाषा येते: आपण प्रजेसाठी कष्ट करतो ते प्राणिमात्रांच्या ऋणातून मुक्त व्हावे म्हणून, असे तो सहाव्या लेखात सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेच्या ग्रीक पाठातही पापासाठी ‘ऋण’ हाच शब्द आहे, हे येथे लक्षात घ्यावे. ऋण म्हटले की धनको आला. त्याला वगळून ऋणाचा हिशेब होत नाही.

पवित्र शास्त्राने हा धनको डोळ्यांआड होऊ दिलेला नाही. गणना या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातील नियम असा आहे की, अपराध्याने पाप कबूल करावे, नुकसान पूर्ण भरून द्यावे, वर पाचवा हिस्सा द्यावा, आणि ते ज्याचे नुकसान झाले त्यालाच द्यावे. घेणारा कोणी आप्त उरला नसेल तरच ते परमेश्वराकडे, म्हणजे याजकाकडे जाते. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला प्रभू अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जावयास सांगतो. जक्कय प्रभूसमोर उभा राहून फसविलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. दावीदाची गोष्ट अधिक कठीण आहे. नाथानासमोर त्याने पाप मान्य केले आणि त्याला क्षमाही मिळाली. परंतु उरीया मेलेला होता, आणि मेलेल्याची क्षमा मागावयास जागा नव्हती. क्षमा मिळाल्यावरही दावीदाच्या घरातील दुःख संपले नाही.

यावरून आपल्या सेवाकार्यासाठी काय निघते? पश्चात्तापी मनुष्याला कर्माच्या भीतीत सोडून द्यावयाचे नाही, कारण देवाची क्षमा खरी आहे व ती विकत घ्यावी लागत नाही. पण पापमोचनानंतर त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: ज्याचे तू नुकसान केलेस त्याला हे ठाऊक आहे काय? भावाची जमीन बळकावणारा, कुळाचे पैसे बुडविणारा, सुनेला छळणारी सासू, ही माणसे चर्चमध्ये अश्रू ढाळतात आणि घरी जाऊन त्या व्यक्तीशी एक अक्षर बोलत नाहीत. त्यांचा शिलालेख गिरनारला असतो, धौलीला नसतो.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी. जेथे अपराध्याचे समोर जाणेच दुखावलेल्या व्यक्तीला नवे भय देईल, तेथे तिच्या संमतीवाचून जाऊ नये. मध्यस्थामार्फत कबुली व भरपाई पोहोचवावी. आणि क्षमा कर म्हणून त्या व्यक्तीच्या मागे लागू नये. ती केव्हा द्यावयाची हे तिच्या हाती आहे. अपराध्याचे काम आहे ते अपराधाचे नाव घेऊन तो कबूल करण्याचे आणि जे परत करता येते ते परत करण्याचे. अशोकाने कलिंगाला न्यायाचे आश्वासन दिले आणि अपराधाचे नाव घेतले नाही. आपल्याकडे येणाऱ्या माणसाकडून त्या दोन्ही गोष्टी एकाच दाराशी घडाव्यात, एवढे साह्य त्याला करणे हे आपले काम आहे.